एप्रिलमधला बर्फ आणि नागपूरचा कूलर

नागपुरात खिडक्यांना कूलर लागतात, त्याच दिवसांत इथली बरीच मंडळी केदारकंठासारख्या हिमालयातल्या वाटांवर बर्फ तुडवायला जातात. तयारी सगळी थंडीची असते. पण वसंतातल्या बर्फावर थंडीपेक्षा घड्याळ सांभाळावं लागतं.

हिवाळ्यातला ताजा बर्फ पिठासारखा मोकळा असतो. वसंतात त्याचे कण दिवसा थोडे वितळतात, रात्री पुन्हा गोठतात आणि असं होत होत साबुदाण्यासारखे गोल, जाड होतात. रात्री कणांमधलं पाणी गोठलं की ते एकमेकांना घट्ट धरतात. पहाटे त्यावर बुटाचा ठसाही जेमतेम उमटतो. ऊन चढलं की आधी हे सांधे सुटतात. बर्फाचा थर दिसायला तेवढाच असतो, पण पाय मात्र गुडघ्यापर्यंत आत जातो.

म्हणून आदल्या रात्रीचं आभाळ पाहावं. रात्र निरभ्र असेल तर बर्फाची उष्णता अवरक्त किरणांवाटे आकाशात निघून जाते आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग असले की ते बरीच उष्णता परत खाली पाठवतात. अशा रात्रीनंतर पहाटे निघूनही पाय रुततात. त्या दिवशी शिखराचा नाद सोडलेला बरा.

दुसरी गोष्ट हवेतल्या ओलाव्याची, आणि ती नागपूरकरांना शिकवायला नको. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करतो. कोरडा वारा बर्फातून वाफ उडवतो, त्यामुळे बर्फ जास्त वेळ घट्ट राहतो. दमट वाऱ्यात उलट घडतं. वाफ बर्फावर येऊन पाणी होते आणि आपली उष्णता तिथेच सोडते. १ ग्रॅम वाफेतून सुमारे २,५०० जूल मिळतात, तर शून्य अंशावरचा १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल पुरतात. म्हणजे ग्रॅमभर वाफ साडेसात ग्रॅम बर्फ वितळवू शकते! धुकट, कोंदट सकाळ म्हणूनच धोक्याची.

पहाटे ४ च्या सुमारास निघावं आणि ११ च्या आत चढाचे उतार सोडावेत. पूर्वेकडे तोंड असलेला उतार सर्वांत आधी मऊ होतो. कडक थरावर बुटांना मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली चढवायचे धातूचे दाते, हवेतच. मऊ बर्फाचा गोळा त्यांच्या दातांखाली चिकटला तर दात टेकत नाहीत. काठीने बुटाच्या कडेवर ठोकून तो पाडावा. पाय घोट्याच्या वर रुतू लागला की परत फिरावं. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळू लागले तर ओला बर्फ सुटून खाली येण्याची ती सूचना आहे. तिथे थांबू नये. उघड्या खडकाला लागून पाय टाकू नये. काळा दगड उन्हाने तापतो, भोवतालचा बर्फ आतून पोकळ झालेला असतो. ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलाचंही तेच: वरून पांढरा, खालून वाहत्या पाण्याने खाल्लेला.

सुती कपडे मात्र घरीच ठेवा. घामाने भिजले की ते वाळत नाहीत आणि अंग गार पडतं.

डोळ्यांची हयगय नको. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावावं लागतं. गॉगल बाजूंनी बंद असावा. बर्फाने डोळे भाजल्याचं तिथल्या तिथे कळत नाही. वाळू गेल्यासारखी खुपखुप सहसा सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री तंबूत, सुरू होते.