तुमची लिपी, आमचा फॉन्ट: काम देण्याआधी एवढं वाचा

एकांकिकेसाठी, गेमसाठी किंवा निव्वळ हौसेखातर स्वतःची लिपी बनवणारे आमच्या दादरच्या कार्यालयात आले की पहिली मागणी ठरलेली: "इंग्रजी ए दाबला की आमचं पहिलं अक्षर उमटू दे." तसं करता येतं, पण आम्ही करत नाही. जुन्या डीटीपीच्या मराठी फाइली ज्यांनी उघडल्यात, त्यांना कारण सांगायला नको. त्या फाइलीचा फॉन्ट संगणकावर नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, म्हणजे कोड, देणाऱ्या युनिकोडने अशा कामासाठी खासगी जागा राखून ठेवली आहे: ई००० ते एफ८एफएफ (या मोजणीत ए ते एफ हेही अंकच), एकूण ६,४०० कोड. तिथे युनिकोड स्वतःचं अक्षर कधीच बसवणार नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन लिपीचा प्रस्ताव २००१ मध्ये फेटाळला गेला, तिचे चाहते आजही इथेच भागवतात. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी संथालीसाठी घडवलेल्या ओल चिकीला मात्र २००८ मध्ये हक्काचे कोड मिळाले. तीही एका माणसाने घडवलेलीच, पण ती रोज लिहिणारा समाज आहे.

खासगी जागेत शेजारी त्रास देतात. अॅपलच्या मशिनवर एफ८एफएफला त्यांचं सफरचंद दिसतं. प्रोग्रामरांच्या अनेक फॉन्टमध्ये ई०ए०वर गिट या त्यांच्या साधनातल्या फांदीची (ब्रँचची) खूण असते. आम्ही दोन्ही टाळतो. प्रोग्राम लिहिण्यासाठी फॉन्ट हवा असेल तर सगळी अक्षरं एकाच रुंदीची लागतात, तुमचं पसरट अक्षर थोडं दबेल.

खरी मेहनत मात्रांची. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. तिला क च्या डावीकडे नेऊन बसवतो तो संगणक, कारण देवनागरीचे नियम त्याला ठाऊक आहेत. तुमच्या लिपीचे नाहीत. ते आम्ही एकेक करून फॉन्टच्या आत लिहितो, आणि दिवस त्यातच जातात. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

येताना वर्णमाला पक्क्या क्रमाने लिहून आणा, चौकटीच्या वहीत असली तरी चालेल. साधं सॉर्टिंग कोडच्या क्रमाने होतं. क्रम नंतर बदललात तर जुन्या फाइलींत भलतीच अक्षरं दिसतील.

छपाईला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलीतच भरलेली, पीडीएफच द्या. आम्ही एकदा खाडिलकर रोडवरच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेची नुसती वर्ड फाइल पाठवली होती. प्रूफवर नवरा-नवरीच्या नावांच्या जागी चौकोनी डबे आले. चूक आमची होती. तेव्हापासून पीडीएफ आम्हीच करून देतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.