कच्चा खिमा, ई. कोलाय आणि १९९४ चा निर्णय: पार्श्वभूमी

बीफच्या कच्च्या खिम्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू सापडला, तर अमेरिकेत १९९४ पासून तो माल कायद्याच्या लेखी भेसळीचा ठरतो. तसाच विकता येत नाही. जिवाणू मरेल इतका शिजवायचा, नाहीतर नष्ट करायचा. त्याच खिम्यात किंवा कच्च्या कोंबडीत साल्मोनेला सापडला, तर मात्र सहसा केवळ तेवढ्यावरून विक्री थांबत नाही. दोन्ही जिवाणू जनावराच्या आतड्यातून येतात, दोन्हींमुळे माणसं मरतात. कायद्याने मात्र त्यांना दोन वेगळ्या रांगांत उभं केलं आहे.

ई. कोलायचं पहिलं वर्णन १८८५ चं, एका जर्मन बालरोगतज्ज्ञाने केलेलं. पुढची अनेक दशकं तो बहुतांशी निरुपद्रवी रहिवासी मानला गेला. १९७७ मध्ये कॅनडात याच कुळातल्या काही जिवाणूंचं एक विष प्रयोगशाळेतल्या माकडाच्या पेशी मारताना दिसलं, पण तेव्हा ती तज्ज्ञांपुरतीच गोष्ट होती.

१९८२ मध्ये ओरेगन आणि मिशिगन या दोन राज्यांत काही महिन्यांच्या अंतराने किमान ४७ जण आजारी पडले. पोटात मुरडा, आधी पाण्यासारखे जुलाब, मग जवळजवळ नुसतं रक्त आणि ताप अगदी थोडा किंवा नाहीच. सगळ्यांत समान धागा होता एकाच साखळीतल्या उपाहारगृहांमधले हॅम्बर्गर. रुग्णांच्या शौचात आणि गोठवून ठेवलेल्या पॅटीत (हॅम्बर्गरमधल्या खिम्याच्या चपट्या वडीत) जो जिवाणू मिळाला, तो म्हणजे ओ१५७:एच७, तोवर जवळपास कोणाच्या ओळखीचा नव्हता. जुने साठे धुंडाळल्यावर १९७५ मधला कॅलिफोर्नियातल्या एका बाईचा एक नमुना तेवढा सापडला.

त्याला ओळखण्याची खूण साधी निघाली. सॉर्बिटॉल ही साखर घातलेल्या माध्यमावर नेहमीचा ई. कोलाय वाढवला की वसाहती गुलाबी होतात. ओ१५७ ला ती साखर लवकर पचत नाही, त्यामुळे त्याच्या वसाहती फिक्या, रंगहीन राहतात. गुलाबी ठिपक्यांत पांढुरके ठिपके दिसले की संशय घ्यायचा. या स्वस्त चाचणीमुळे ओ१५७ चं नाव झालं. १९७७ मध्ये दिसलेलं तेच विष ओ१५७ सारखं बनवणारे, पण सॉर्बिटॉल पचवणारे त्याचे भाऊबंद कितीतरी वर्षं नजरेतून निसटत राहिले.

१९८३ मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी या विषाचा आणि लहान मुलांच्या एका जुन्या, कारण न सापडलेल्या आजाराचा संबंध जोडला. त्यात जुलाब सुरू झाल्यानंतर साधारण आठवड्याभरात तांबड्या पेशी फुटतात, मूल पांढरंफटक पडतं, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडं काम थांबवतात. हेच विष पोटात घेऊन हिंडणारी गाय मात्र ठणठणीत असते, कारण हे विष ज्याला चिकटतं ते रेणू तिच्या रक्तवाहिन्यांत नसतात. आजारी जनावर बाजूला काढण्याची डोळ्यांनी करायची तपासणी इथे कुचकामी ठरते. आणि संसर्गाला शंभरभर किंवा त्याहूनही कमी जिवाणू पुरतात.

१९९३ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात मुलांना रक्ताचे जुलाब होऊ लागले. हा आजार कळवणं तिथे १९८७ पासून बंधनकारक होतं, म्हणून साथ लवकर पकडली गेली. चार राज्यांत मिळून ७०० हून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. मूळ होतं हॅम्बर्गरच्या अर्धकच्च्या पॅटीत. पॅटी आतून १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवावी असा त्या राज्याचा नियम होता, तर केंद्राची शिफारस १४० अंशांचीच होती.

खिमा आणि मांसाचा अख्खा तुकडा यांतला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. अख्ख्या तुकड्यात जिवाणू पृष्ठभागावर असतात, तव्याची आच लागली की मरतात. खिमा करताना तो पृष्ठभागच आत जातो, शिवाय अनेक जनावरांचं मांस एकत्र दळलं जातं.

मांस-तपासणीचा कायदा म्हणतो की आरोग्याला अपायकारक पदार्थ असलेलं मांस भेसळीचं. पण त्यातच एक पोटकलम आहे: तो पदार्थ बाहेरून मिसळलेला नसेल, तर त्याचं प्रमाण ‘सामान्यतः’ अपायकारक असेल तरच ती भेसळ. सगळा वाद या एका शब्दावर उभा आहे.

१९७४ मध्ये एक प्रकरण अपील न्यायालयात आलं होतं. कच्च्या मांसावर सरकारी तपासणीचा शिक्का मारता, मग त्यात साल्मोनेला असू शकतो असा इशाराही छापा, एवढीच मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. मांसावर साल्मोनेला असणं म्हणजे भेसळ नव्हे. अमेरिकन गृहिणी अडाणी किंवा मूर्ख नाहीत, त्या मांस नीट शिजवतात, असं निकालात म्हटलं गेलं. ऐकायला हा गृहिणींचा सन्मान वाटतो. प्रत्यक्षात कत्तलखान्याची जबाबदारी उचलून त्यांच्या ओट्यावर ठेवली गेली. जनावराचं कातडं सोलताना त्यावरचं शेण उघड्या मांसाला लागतं, आतडं काढताना सुरी चुकली तर आतली घाण सांडते. मग हे बाहेरून मिसळलेलं नाही, ‘मुळातच असलेलं’ आहे, ते कसं, हा प्रश्न टीकाकार तेव्हापासून विचारत आले आहेत आणि माझ्या मते तो बिनतोड आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राच्या मांस-तपासणी यंत्रणेच्या प्रमुखाने मांस व्यावसायिकांच्याच सभेत जाहीर केलं की कच्च्या खिम्यातला ओ१५७ यापुढे भेसळ मानला जाईल. पाठोपाठ वर्षाला ५,००० नमुने तपासण्याची योजना आली. उद्योगाने कोर्ट गाठलं. इतक्या प्रचंड उत्पादनात ५,००० नमुन्यांनी काय होणार, उलट लोक गाफील होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आकड्यांपुरता तो मुद्दा खोटा नव्हता. टेक्सासमधल्या न्यायालयाने तरीही सरकारची बाजू उचलली: हॅम्बर्गर आतून गुलाबी ठेवून खाणं हीच अनेकांची नेहमीची रीत आहे, आणि त्या रीतीने हा जिवाणू मरत नाही.

म्हणजे १९७४ मध्ये ज्या स्वयंपाकाच्या सवयीने साल्मोनेलाला सूट मिळाली, त्याच निकषावर १९९४ मध्ये ओ१५७ पकडला गेला. निर्णय योग्यच होता. पण तो जिवाणूच्या घातकपणावर नाही, माणसांच्या सवयीवर टेकलेला राहिला. कोंबडी सगळे पूर्ण शिजवतात, म्हणून ती सुरक्षित, हे त्याचं दुसरं टोक. नळाखाली कोंबडी धुताना उडणारे शिंतोडे, किंवा त्याच पाटावर चिरलेली कोशिंबीर या युक्तिवादात बसतच नाही.

परिणाम मात्र झाला. कंपन्या स्वतः नमुने तपासून अहवाल येईपर्यंत माल अडवू लागल्या, जनावराचं सोललेलं धड वाफेने, गरम पाण्याने, लॅक्टिक आम्लाने धुण्याची पद्धत रूढ झाली. २००० नंतरच्या काही वर्षांत सरकारी नमुन्यांतलं ओ१५७ चं प्रमाण झपाट्याने घसरलं.

दरम्यान जिवाणूने गोठा सोडला होता. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं आजारी पडली, संशय मुळ्याच्या मोडांवर होता. २००६ मध्ये अमेरिकेत साथीचं मूळ पालक या भाजीची पानं निघाली. २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४:एच४ या वेगळ्याच प्रकाराने ३,८०० हून अधिक लोकांना गाठलं, पन्नासावर माणसं गेली. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांना दोष दिला गेला. शेवटी धागा पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या कच्च्या मोडांपर्यंत. मोडाला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूलाही तितकीच मानवते, म्हणून मोड आलेली मेथी परतून किंवा उकळून खाणं बरं.

त्याच २०११ मध्ये अमेरिकेने ई. कोलायचे आणखी सहा प्रकार भेसळीच्या यादीत घातले.

साल्मोनेलाची गाडी मात्र अडखळतच राहिली. खिम्यात तो वारंवार जास्त सापडल्याने सरकारने एका कारखान्यातून तपासनीस काढून घेण्याची, म्हणजेच तो बंद पाडण्याची, तयारी केली, तेव्हा २००१ मध्ये अपील न्यायालयाने सरकारला हा अधिकारच नाही असा निकाल दिला. २०२४ मध्ये सारण भरलेल्या, पाव-चुरा लावलेल्या कच्च्या कोंबडीपुरती मर्यादा ठरली: ग्रॅमला एक किंवा जास्त साल्मोनेला म्हणजे भेसळ. ही कोंबडी बाहेरून शिजल्यासारखी दिसते म्हणून ती निवडली, पुन्हा तोच सवयीचा निकष. सगळ्या कच्च्या कोंबडीला नियम लावणारा मोठा प्रस्ताव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मांडला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये मागे घेण्यात आला.