फ्यूज काढला म्हणजे जीटी-आर डायनोला तयार?

निसान स्कायलाइन आर३२ जीटी-आरचा (१९८९-९४) ऑल-व्हील-ड्राइव्हचा (चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढायचा आणि दोन चाकांच्या डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी निर्धास्त चढवायची, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

फ्यूज काढला की ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीतल्या) क्लचप्लेट्सवरचा हायड्रॉलिक दाब जातो. प्लेट्स मात्र तेलात एकमेकींना घासतच राहतात. रस्त्यावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात फरक किरकोळ असतो. डायनोवर पुढची चाकं बांधलेली असतात. चौथा गिअर १:१ आहे (इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सचाही एक फेरा), म्हणजे ७००० आरपीएमला प्लेट्सची एक बाजू ७००० ने फिरते, दुसरी शून्यावर. मोजून दोन रन (डायनोवरच्या चाचणी-फेऱ्या) निभावतीलही, पण ट्यूनिंगला दिवसभर रन लागतात. मग तेल काळवंडतं, जळका वास येतो, प्लेट्स झिजतात.

त्यापेक्षा पुढचा प्रोपशाफ्टच (ट्रान्सफर केसकडून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) उतरवा. फ्लॅंजवर (तो जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर) आधी रंगाची खूण करा, नाहीतर परत बसवताना बॅलन्स बिघडून थरथर येते. आता प्लेट्सची दुसरी बाजूही मोकळी फिरते, घर्षण जवळपास संपतं. फ्यूज तरीही काढलेलाच ठेवा.

आलेला आकडा चार चाकांच्या डायनोच्या आकड्याशी ताडू नका. पुढच्या डिफरन्शिअलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचात) वाया जाणारी ताकद यात मोजलेलीच नाही.