दिवाळीचा बोनस आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह: गल्लत कुठं होते

दसरा झाला की वाळूजमध्ये, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत, चहाच्या टपरीपासून मालकाच्या केबिनपर्यंत एकच विषय असतो, बोनस. एचआरमध्ये इतकी वर्षं काढली, पण एक गाऱ्हाणं दरवर्षी कुणाकडून तरी ऐकायला मिळतंच: "मागच्या दिवाळीला १२ टक्के दिला, तरी प्रॉडक्शन आहे तिथंच. या पोरांना कितीही द्या, काही फरक पडत नाही." पडणार कसा? प्रॉडक्शन वाढवणं हे त्या पैशाचं कामच नव्हतं, ते काम इन्सेंटिव्हचं.

बोनस सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून थोडक्यात उरकतो. १९६५ च्या कायद्यानं घातलेली चौकट २०१९ च्या वेतन संहितेतही तीच आहे: किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के, आणि तो मिळायला वर्षात निदान ३० दिवस काम. ८.३३ म्हणजे १०० भागिले १२, एका महिन्याचा पगार. हिशेब मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर होतो. घरभाडं, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. ही रक्कम महिना १२,००० धरली तर वर्षाचे १,४४,००० आणि किमान बोनस ११,९९५ रुपये. कंपनी तोट्यात गेली तरी एवढा द्यावाच लागतो. अगदी नव्या कंपन्यांना सुरुवातीला सवलत आहे, पण तो वेगळा विषय.

खरी गल्लत पुढं आहे. ८.३३ च्या वर किती द्यायचं हे नफ्यावर ठरतं. आणि नफा कशावर ठरतो? पत्र्याचा भाव, मोठ्या कंपनीनं उचललेल्या किंवा कमी केलेल्या ऑर्डरी, बँकेचं व्याज. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून पीस काढणाऱ्या मशीनवर, उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यातलं काय आहे? त्यात वेळेचं अंतर बघा. मार्चला वर्ष संपतं, पैसे द्यायला कायद्यानं आठ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे ते येतात दिवाळीच्या तोंडावर. गेल्या वर्षी जूनमध्ये गाळलेल्या घामाचा मोबदला सोळा महिन्यांनी, तोही सगळ्यांना एकाच टक्क्यानं. सगळ्यात चांगला ऑपरेटर आणि वेल्डिंगच्या पडद्यामागं झोपणारा, दोघांचा टक्का सारखाच.

आमच्याकडं गंगापूर तालुक्यातले एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. बोनसच्या बैठकीत साहेबांनी ताळेबंद वाचून दाखवला, तेव्हा मामा म्हणाले, "सायेब, कंपनीला फायदा झाला का नाही हे आमाला कसं कळावं? आमाला पीस मोजता येतेत."

इन्सेंटिव्ह हा त्या मोजलेल्या पिसांचा पैसा. समजा शिफ्टला ४८० पीस ही पायरी ठरली आणि त्यावर चांगल्या पिसाला दीड रुपया. आज ५४० निघाले, त्यातले २० रिजेक्ट. उरले ५२०, पायरीच्या वर ४०, म्हणजे ६० रुपये. असे २५ दिवस गेले तर महिन्याला १,५००. हा हिशेब माणूस घरी जाताना बसमध्ये बोटांवर करतो, आणि उद्या काय केलं तर तो वाढेल हेही त्याला माहीत असतं. हे साधत नसेल तर तुमच्या स्कीमचं नाव काहीही असो, तिला इन्सेंटिव्ह म्हणू नका. आमच्या लाइनच्या टोकाला काळा फळा होता, दर दोन तासांनी सुपरवायझर आकडे लिहायचा. माझ्या मते कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा तो फळा भारी होता. रिजेक्ट वजा केले नाहीत तर मात्र इन्सेंटिव्ह अंगावर येतो. पीस वाढतात आणि महिनाभरात ग्राहकाकडून माल परत यायला लागतो.

याच गल्लतीचा थोरला भाऊ म्हणजे "२० टक्के बोनस देणाऱ्या कंपन्या बघा, किती पुढं गेल्या" हे वाक्य. अहो, पुढं गेल्या म्हणून तर २० टक्के देता आले. मनुष्यबळाच्या चांगल्या पद्धती आणि कंपनीची कामगिरी यांचा संबंध मार्क ह्युसेलिड यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या हजारभर कंपन्यांच्या अभ्यासातून मांडला. पण पद्धतींमुळं नफा वाढतो, की नफ्यातल्या कंपन्यांनाच त्या पद्धती परवडतात, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. सेमिनारमध्ये मात्र यातली पहिलीच बाजू स्लाइडवर ठामपणे ठोकून देतात.

आता माझा खास राग: 'हजेरी बोनस'. तो बोनस नव्हेच. महिनाभर खाडा केला नाही म्हणून दिलेला तो इन्सेंटिव्ह. सरळ 'हजेरी भत्ता' म्हणा. नावातल्या गोंधळातून पुढं भलतंच होतं. आपल्याकडं दिवाळीच्या आसपास सोयाबीनची काढणी असते. बोनस खात्यात पडला की दुसऱ्या दिवशी निम्मी लाइन बीड-परभणीकडच्या एसटीत. मग एखादा हुशार मॅनेजर नोटीस लावतो: निम्मा बोनस आत्ता, उरलेला दिवाळीनंतर वेळेवर हजर होणाऱ्यालाच. मागच्या वर्षाच्या कामावर मिळालेल्या हक्काच्या पैशाला पुढच्या हजेरीची अट लावता येत नाही. तो पूर्ण बुडतो ते फसवणूक, मारहाण, चोरी, तोडफोड, लैंगिक छळाची दोषसिद्धी अशा कारणांवरून कामावरून काढलं तर. काढणीला गेला म्हणून नाही. खाड्यांचा हिशेब बोनसमध्ये तसाही होतोच, कारण टक्का कमावलेल्या पगारावर लागतो. लोक वेळेवर परत यायला हवे असतील तर वेगळा हजेरी भत्ता जाहीर करा, दसऱ्याच्या आधी, आकड्यासकट.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कर दोन्हींवर लागतो. बोनस कायद्यानं बांधलेला, इन्सेंटिव्ह करारानं. त्या करारात एक कलम मात्र मी विसरू देत नाही. डाय (प्रेसचा साचा) तुटली, लाइट गेली, पत्रा आलाच नाही, तर त्या तासांचे पीस कुणाच्या नावावर मांडायचे? आमच्या पहिल्या करारात ते लिहिलेलं नव्हतं. डाय तीन दिवस टूलरूममध्ये पडून होती आणि त्या महिन्यात मामांचा इन्सेंटिव्ह शून्य आला. त्यांनी पगाराची स्लिप माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता शिफ्टवर गेले. पुढच्या करारात बंद तासांच्या प्रमाणात पायरी खाली आणायचं कलम मी स्वतःच्या हातानं लिहिलं.