झोपलेल्या माणसाची खूण

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवले आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत तर नारोपा या बौद्ध सिद्धाच्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोगच आहे. तिथे स्वप्न ओळखायचे ते मौजेसाठी नव्हे, जागेपणीचे जगही तितकेच पोकळ आहे हे उमगावे म्हणून. कशासाठी शिकायचे ते आधीच ठरलेले.

युरोपात आधी कुतूहल आले. हर्वे द सें-दनी या फ्रेंच अभ्यासकाने तेराव्या वर्षापासून स्वप्नांची वही ठेवली आणि 1867 मध्ये स्वप्नांना वळण कसे द्यावे यावर निनावी पुस्तक काढले. अशा ओळखलेल्या स्वप्नासाठी ‘लुसिड ड्रीम’ हा शब्द रुळला तो डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन एडन यांच्या 1913 च्या लेखामुळे. त्यांच्यापाशी अशा 352 स्वप्नांच्या नोंदी होत्या. एका स्वप्नात त्यांनी पेल्यावर मूठ हाणली, पेला शाबूत. थोड्या वेळाने पाहतात तर फुटलेला! एंट्री चुकलेल्या नटासारखा, असे त्यांनी लिहिले.

पण हे सगळे सांगोवांगी. झोपलेल्याने पुरावा द्यायचा कसा? स्वप्नांच्या झोपेत अंगाचे स्नायू लुळे पडतात, डोळे मात्र फिरतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नेमके हेच हेरले. 12 एप्रिल 1975 च्या सकाळी ॲलन वर्सली यांनी झोपेतच, ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. स्टॅनफर्डच्या स्टीफन लबर्ज यांनी पुढे स्वतंत्रपणे तेच दाखवले. नाव जास्त त्यांचेच झाले. प्रयोगासाठी अशी स्वप्ने हवी तेव्हा पडायला हवीत, या गरजेतून त्यांनी शिकण्याची पद्धतही बसवली: स्वप्नातून जाग येताच ते आठवायचे आणि ‘पुढच्या वेळी ओळखेन’ असे मनाशी घोकत पुन्हा झोपायचे. (झोपमोड होतेच, ती कशासाठी, हे ज्याचे त्याने आधी ठरवलेले बरे.)

2021 मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती, यावर एकाने डोळे दोनदा फिरवले. 158 प्रयत्नांपैकी अचूक उत्तरे मात्र 29.

गणितापेक्षा दुःस्वप्नांवरचा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांचा सल्ला होता: मागे लागलेल्यापासून पळू नका, वळून त्यालाच विचारा, तू कोण?