सांगलीत घर बांधताना: ऑनलाइन बांधकाम परवानगीसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

सांगली, मिरज किंवा कुपवाड, महापालिका हद्दीत कुठेही घर बांधायचं तर नकाशाच्या गुंडाळ्या काखेत मारून नगररचना विभागाचे हेलपाटे घालायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. अर्ज राज्य सरकारच्या महावास्तू पोर्टलवर, बीपीएमएस या बांधकाम नकाशा मंजुरीच्या संगणक प्रणालीतून भरायचा. नियम आहेत एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्याचे. ही नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि मुंबई व काही मोजके भाग सोडले तर सगळ्या राज्याला लागू आहे. मात्र संगणक तपासतो तो नकाशा. जागेचे कागद अजून माणूसच तपासतो आणि फाईल अडते ती बहुधा तिथेच.

तुमचा प्लॉट कोणत्या गटात?

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर राहतं घर बांधायचं असेल तर मंजुरीची वाट पाहायची नाही. परवानाधारकाने, म्हणजे वास्तुविशारद किंवा परवाना असलेल्या अभियंत्याने, प्रमाणित केलेला नकाशा आणि कागद जोडायचे, शुल्क भरायचं. ती पावतीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरमध्ये परवानाधारकाच्या स्वयंप्रमाणनावर दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. त्यापुढच्या प्लॉटला नेहमीची पूर्ण छाननी.

आता यातली गोम बघा. आपल्याकडे व्यवहार गुंठ्यात होतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठ्याचा प्लॉट भरतो १५१.७६ चौरस मीटर आणि तीन गुंठ्यांचा ३०३.५१. दोन्ही प्लॉट अगदी थोडक्यात पुढच्या गटात जातात. ‘दीड हजार फुटाला परवानगी लागत नाही’ हे ऐकून दीड गुंठ्यावर पाया खोदणाऱ्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं. शिवाय ‘परवानगी लागत नाही’ हेही अर्धवटच आहे. कागद आणि पैसे भरल्याशिवाय पावती नाही, आणि सामासिक अंतरासारखे (घराभोवती प्लॉटच्या हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा) नियम छोट्या प्लॉटलाही आहेतच.

अर्ज कोण करू शकतो?

जागेचा मालक किंवा त्याचा कुलमुखत्यार. उताऱ्यावर तीन भावांची नावं असतील तर तिघांच्या सह्या किंवा नोंदणीकृत संमती हवी. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद, मग घर. प्रत्यक्ष अर्ज वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता आपल्या लॉगिनमधून भरतो. तरीही मालकाच्या रकान्यात मोबाइल नंबर तुमचाच घालायला सांगा. नाहीतर त्रुटीचे मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जातात आणि तुम्ही ‘साहेब सही करेनात’ म्हणत बसता.

कागदपत्रं

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत (हद्द आणि क्षेत्र दाखवणारा मोजणी नकाशा), झोन दाखला (विकास आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा), मंजूर रेखांकनाची (प्लॉट पाडल्याच्या नकाशाची) प्रत, घरपट्टी भरल्याची पावती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि देखरेखीचं हमीपत्र. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. क प्रतीला मात्र वेळ लागतो, म्हणून मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका. खरेदीखतातलं, उताऱ्यातलं आणि मोजणीतलं क्षेत्र जुळत नसेल तर कितीही चांगला नकाशा काढा, शेरा येणारच.

गुंठेवारीतल्या, म्हणजे रेखांकन मंजूर न करता गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या, प्लॉटला रेखांकनाऐवजी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र लागतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमितीकरणाची संधी मिळाली. शामरावनगरसारख्या भागात प्लॉट बघत असाल तर विसार देण्याआधी हे प्रमाणपत्र मागा.

आणि पूररेषा. नकाशावर निळी रेषा नेहमीच्या मोठ्या पुराची आणि लाल रेषा त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नव्या घराला परवानगी मिळत नाही. निळी आणि लाल रेषेच्या मधे मिळते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा जोतं वर उचलून. इथे ‘२०१९ च्या पुरात आमच्या दारात पाणी नव्हतं’ हे चालत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे फूट सगळ्या सांगलीला तोंडपाठ आहेत, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. पण नकाशावरची पूरपातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. तुमच्या प्लॉटची पातळी सर्वेअरकडून त्याच मापात काढून घ्या.

नकाशा आणि पैसे

नकाशातली प्रत्येक रेषा ठरलेल्या लेअरमध्ये असावी लागते: प्लॉटची हद्द एका, भिंती दुसऱ्या, पार्किंग तिसऱ्या. संगणक लेअर वाचून चटई क्षेत्र, सामासिक अंतर, पार्किंग मोजतो आणि अहवाल काढतो. दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १.१० आहे, जिना, बाल्कनी वगैरेंसाठी अधिमूल्य (प्रीमियम) भरून राहत्या घराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जादा पूरक, क्षेत्र मिळतं. गावभाग, खणभागातल्या जुन्या दाट वस्तीला वेगळे आकडे आहेत. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर हे मुख्य खर्च. चलन पोर्टलवरच निघतं, त्यामुळे रोख रक्कम कुणाच्या हातात द्यायचं कारण नाही.

मुदती

नेहमीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर नगररचना कायद्याच्या कलम ४५ नुसार परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. मधे त्रुटीपत्र आलं तर दिवसांची मोजणीही बदलते. अर्ज फेटाळला तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीची, मुदत एक वर्ष. ती वर्षावर्षाने तीनदा वाढवता येते, म्हणजे एकूण चार वर्षं. जोत्यापर्यंत काम आलं की परवानाधारकामार्फत कळवायचं आणि घर पुरं झालं की भोगवटा प्रमाणपत्रासाठी (घर वापरायला परवानगी देणारा कागद) त्याच पोर्टलवर अर्ज करायचा. कर्जाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी बँका अनेकदा हाच कागद मागतात. रंगकामाची घाई सुरू व्हायच्या आतच परवानाधारकाकडून तो अर्ज भरून घ्या.