संख्याप्रकाराची रनटाइम ओळख

प्रोग्राम चालू असताना हाती आलेले मूल्य पूर्णांक आहे, फ्लोटिंग पॉइंट (म्हणजे फ्लोट, ठरावीक बिट्समध्ये साठवलेली दशांश संख्या) आहे, परिमेय आहे की संमिश्र, हे तपासण्याची क्रिया. लिस्प, पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट, लुआ अशा भाषांत प्रकार व्हेरिएबलला नव्हे तर मूल्याला चिकटलेला असतो. एकाच व्हेरिएबलमध्ये आत्ता पूर्णांक आणि पुढच्या ओळीत अपूर्णांक असू शकतो. म्हणून तिथे ही तपासणी नित्याची असते.

सी भाषेत प्रकाराचा निर्णय कंपायलरच घेऊन टाकतो आणि तयार झालेल्या यंत्रसंकेतात साध्या संख्यांच्या प्रकाराची कोणतीही खूण उरत नाही. मेमरीतल्या ६४ बिट्सकडे नुसते पाहून काहीच कळत नाही: ज्या बिट्स फ्लोटिंग पॉइंट म्हणून वाचल्यास १.० होतात, त्याच पूर्णांक म्हणून वाचल्यास ४६०७१८२४१८८०००१७४०८ होतात. तेव्हा रनटाइमला प्रकार सांगता यावा यासाठी तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो.

सर्वात सरळ उपाय म्हणजे प्रत्येक मूल्य स्वतंत्र ऑब्जेक्ट मानून त्याच्या सुरुवातीला प्रकाराचा पत्ता ठेवणे. प्रचलित पायथन असेच करते. यात जागा जाते आणि वेळही, म्हणून इतरांनी बिट्सचीच काटकसर केली. ऑब्जेक्टचे पत्ते सम असतात, म्हणजे त्यांची शेवटची बिट नेहमी शून्य असते; रुबीचा प्रचलित इंटरप्रिटर ती बिट १ करून ‘हा पत्ता नाही, छोटा पूर्णांक आहे’ असे नोंदवतो. दुसरी युक्ती त्याहून देखणी आहे. फ्लोटिंग पॉइंटसाठीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार ६४ बिटी संख्येतल्या घातांकाच्या अकराही बिट्स १ असतील आणि अपूर्णांकाचा भाग शून्य नसेल, तर ते मूल्य ‘संख्या नाही’ म्हणजे नॅन ठरते. असे कोट्यवधी कोटी बिटक्रम शिल्लक राहतात आणि नॅनसाठी त्यांतला एक पुरतो. बाकीच्यांत पूर्णांक आणि पत्ते लपवता येतात. लुआ चालवणारे लुआजिट आणि जावास्क्रिप्टची काही इंजिने हेच तंत्र वापरतात.

इतिहासात ही तपासणी लिस्पइतकी जुनी आहे. १९६२ च्या लिस्प १.५ मध्येच नंबरपी, फिक्सपी आणि फ्लोटपी ही प्रश्नार्थक फंक्शने होती. त्यांच्या वंशजांनी मात्र एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली. ३.० पूर्णांक आहे का? कॉमन लिस्पमधले इंटिजरपी ‘नाही’ म्हणते, कारण मूल्य फ्लोटिंग पॉइंट रूपात साठवलेले आहे. स्कीममधला ‘इंटिजर?’ ‘हो’ म्हणतो, कारण गणिताच्या दृष्टीने तीन हा पूर्णांकच. साठवण अचूक आहे की अंदाजी हे विचारायला तिथे ‘एक्झॅक्ट?’ वेगळे आहे. या विषयातला बहुतेक गोंधळ इथूनच उगवतो. साठवणीचे रूप आणि संख्येचा गुणधर्म या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तपासणी लिहिण्याआधी त्यांपैकी नेमके काय हवे हे ठरवलेच पाहिजे. स्कीमने केलेली फोड मला या सर्वांत स्वच्छ वाटते.

जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ हा ऑपरेटर ५ साठी, ५.५ साठी आणि नॅनसाठीही ‘नंबर’ हेच उत्तर देतो, कारण या तिन्ही गोष्टी एकाच ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट प्रकारात मोडतात. २०१५ च्या आवृत्तीत आलेले नंबर.इझइंटिजर मूल्याला अपूर्णांक भाग आहे का एवढेच पाहते, म्हणून ५.० लाही होकार देते. २०२० मध्ये कितीही मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट हा वेगळा प्रकार आला आणि टाइपऑफचे संख्यांसाठीचे दुसरे उत्तर तयार झाले. लुआचा प्रवासही असाच: २०१५ च्या ५.३ आवृत्तीपासून संख्येचे पूर्णांक आणि फ्लोट असे दोन उपप्रकार झाले. टाइप हे फंक्शन पूर्वीसारखे ‘नंबर’च सांगते, भेद कळण्यासाठी मॅथ.टाइप वापरावे लागते.

पायथनमध्ये टाइप आणि इझइन्स्टन्स अशी दोन साधने आहेत. टाइप नेमका वर्ग सांगते. इझइन्स्टन्स उपवर्गही धरते आणि सहसा तेच योग्य असते. अपवाद बूलचा, म्हणजे ट्रू आणि फॉल्स या खरे-खोटे मूल्यांच्या प्रकाराचा. २.३ आवृत्तीत बूल हा इंटचा उपवर्ग म्हणून आला, त्यामुळे ट्रू हे इझइन्स्टन्सच्या लेखी पूर्णांक आहे आणि ट्रू अधिक ट्रू बरोबर २. वय किंवा नगांची संख्या तपासताना बूल आधी वगळावे लागते. उलट बाजूने, नमपाय या पायथनच्या संख्यागणन लायब्ररीचा इंट६४ हा पायथनच्या इंटचा उपवर्ग नाही, पण त्याचा फ्लोट६४ मात्र फ्लोटचा उपवर्ग आहे. त्यामुळे इंट आणि फ्लोट एवढेच तपासणारा कोड नमपायचे पूर्णांक नाकारतो. यासाठी नंबर्स या मोड्यूलमध्ये इंटिग्रल, रॅशनल, रिअल, कॉम्प्लेक्स असे अमूर्त वर्ग आहेत आणि इंट६४ तिथे इंटिग्रल म्हणून नोंदलेला असतो. पायथनचा दशमान संख्यांचा प्रकार डेसिमल मात्र फक्त नंबर म्हणून नोंदला आहे, रिअल म्हणून नाही, कारण त्याची फ्लोटशी थेट बेरीज होत नाही. ही नोंद काटेकोर आहे, पण आर्थिक हिशेबाच्या कोडमध्ये रिअलची अट घालणाऱ्याला ती आडवी येते.

जावा आणि गोसारख्या भाषांत प्रकार आधी ठरलेले असले तरी मूल्य एखाद्या सर्वसमावेशक पेटीत आले की प्रश्न पुन्हा उभा राहतो. जावात इन्स्टन्सऑफ आणि गोमध्ये टाइप स्विच त्याचे उत्तर देतात. ज्युलियाने वेगळी वाट घेतली: एकाच फंक्शनच्या पूर्णांकासाठी, परिमेयासाठी, फ्लोटसाठी निरनिराळ्या व्याख्या लिहायच्या आणि निवड भाषेवर सोडायची.

साठवणीचे रूप आणि संख्येचा गुणधर्म यांखेरीज तिसरा प्रश्न मजकुराचा. ‘१२’ ही अक्षरे संख्या नव्हेत. ती संख्येसारखी दिसतात. पीएचपीतले इझ_न्यूमेरिक हे रूप तपासते, म्हणून आकडे असलेल्या स्ट्रिंगलाही ते होकार देते, तर इझ_इंट त्याच स्ट्रिंगला नकार देते. जेसन या मजकुरी स्वरूपात संख्येचा एकच प्रकार आहे, त्यामुळे खरा प्रकार वाचणारी भाषा ठरवते. पायथन १ ला इंट आणि १.० ला फ्लोट करते, जावास्क्रिप्ट दोन्हीला एकच मानते, आणि गो प्रकार न सांगितल्यास सरसकट फ्लोट६४ बनवते. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, यापुढचे सगळेच पूर्णांक ६४ बिटी फ्लोटमध्ये अचूक मावतात असे नाही. तेवढा मोठा ओळखक्रमांक असा वाचला गेला तर त्याचे शेवटचे अंक मुकाट बदलू शकतात, आणि नंतर केलेली प्रकाराची कोणतीही तपासणी ते पकडू शकत नाही. म्हणून असे क्रमांक जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवतात, किंवा गोमध्ये यूजनंबर हा पर्याय लावून मूळ अंक जसेच्या तसे राखतात.